खेड्यातला हायस्कूल बास्केटबॉलपटू कॉलेजात आणि एनबीएत टिकेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडियाना, केंटकी, आर्कान्सा, मेन अशा राज्यांतल्या एखाद्या छोट्या गावातला पोरगा दर हिवाळ्यात गाजायला लागतो. त्याच्या क्लिपा फिरतात आणि वाद पेटतो: हा पुढे जाणार, की गावापुरताच वाघ? खालचे प्रश्न पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघणाऱ्यांचे आहेत, तसेच नोकरीनिमित्त मिडवेस्टात राहणाऱ्या मराठी आईबापांचेही. नियम २०२५-२६ च्या हंगामाचे दिले आहेत. ते भराभर बदलतात, म्हणून सही करण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात की नाही ते बघणाऱ्या) विचारून घ्या.

१. "खेड्यातला खेळाडू" म्हणजे नेमकं किती लहान गाव?

एनबीएत पोचलेल्या तिघांची गावं बघा. लॅरी बर्डचं फ्रेंच लिक (इंडियाना) दोन हजारांच्या आसपास वस्तीचं. ऑस्टिन रीव्ह्जचं न्यूआर्क (आर्कान्सा) हजार-बाराशेचं. कूपर फ्लॅगचं न्यूपोर्ट (मेन) तीन हजारांच्या घरातलं. पण वस्तीपेक्षा अंतर महत्त्वाचं. जवळचं मोठं कॉलेज आणि विमानतळ किती तासांवर आहे, यावर कोच तिथवर येणार की नाही हे ठरतं. शाळेत काहीशे मुलं, त्यातलीच तीच दहा-बारा शरद ऋतूत फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बेसबॉल खेळणारी.

"स्टेट चॅम्पियन" ऐकलं की आधी गट विचारा. बहुतेक राज्यांत शाळांची विद्यार्थिसंख्येनुसार गटवारी असते, म्हणजे सगळ्यात लहान शाळांचा चॅम्पियन वेगळा. केंटकीत मात्र आजही सगळ्या शाळांची एकच स्पर्धा होते. इंडियानातही १९९७ पर्यंत तसंच होतं. म्हणूनच १९५४ साली १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलने मन्सी सेंट्रलला ३२-३० ने हरवलं, ते तिथली म्हातारी माणसं अजून सांगतात.

२. शंभरातले किती पुढे जातात?

अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉल खेळणारी मुलं पाच लाखांवर आहेत. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कॉलेजात खेळतात ती शंभरात तीन-चार. वरच्या डिव्हिजन १ मध्ये शंभरात साधारण एक. एनबीएत ३० संघ, प्रत्येकी १५ नेहमीच्या करारांवर आणि ३ टू-वे करारांवर (एनबीए आणि तिची धाकटी जी लीग, दोन्हींकडे खेळायचे), म्हणजे सगळं जग मिळून ५४० जागा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, दर वर्षी जास्तीत जास्त ६० नावं पुकारली जातात आणि त्यात परदेशी खेळाडूही आले.

हे आकडे गावातल्या-शहरातल्या सगळ्यांना सारखेच. त्यामुळे "एनबीए की नाही" हा वाद वयाच्या सतराव्या वर्षी घालणं मला जरा पोकळ वाटतं. त्या वयात विचारावं ते एवढंच: एकोणिसाव्या वर्षी कुठलं कॉलेज त्याला खरोखर मैदानात उतरवील?

३. आमच्या काउंटीतला पोरगा मॅचला ३८ पॉइंट काढतोय. मोठ्या कॉलेजांचे फोन का येत नाहीत?

कारण त्या ३८ मधले बरेचसे पॉइंट पुढच्या पातळीवर सोबत येत नाहीत, आणि कोचला ते माहीत असतं.

छोट्या शाळांच्या लीगमध्ये समोरचा सगळ्यात उंच मुलगा सव्वासहा फुटांचा असतो. आपला सहा फूट चार इंचांचा पोरगा तिथे रिंगखाली उभा राहून पॉइंट काढतो. कॉलेजात तीच उंची गार्डची, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणाऱ्याची. म्हणजे चार वर्षं जी जागा तो खेळला, ती त्याची जागाच नव्हे. शिवाय तीन पॉइंटची रेषा हायस्कूलला १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर आणि एनबीएत वरच्या भागात २३ फूट ९ इंचांवर असते. सामना हायस्कूलला ३२ मिनिटांचा, कॉलेजात ४०, एनबीएत ४८. शॉट क्लॉक कॉलेजात ३० सेकंदांचं आणि एनबीएत २४ सेकंदांचं. हायस्कूलला ते ठेवायचं की नाही हे राज्य ठरवतं आणि बऱ्याच राज्यांत ते अजूनही नाही. तिथे वीस पास फिरवून मग आरामात शॉट मारता येतो.

याचा अर्थ मोठे आकडे खोटे असतात असा नाही. रीव्ह्जने सीडर रिज शाळेकडून तीन जादा डावांपर्यंत गेलेल्या एका सामन्यात ७३ पॉइंट काढले होते, आणि तो आज लेकर्स या एनबीए संघाकडून खेळतो. पण त्या ७३ वर कुणी त्याला एनबीएत घेतलं नाही. मधली पाच वर्षं बघावी लागली (प्रश्न १३ पाहा).

४. मग पॉइंट सोडून बघायचं तरी काय?

जे मैदान बदललं तरी बदलत नाही ते. फ्री थ्रोची (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) रेषा शाळेपासून एनबीएपर्यंत १५ फुटांवर आणि रिंग १० फुटांवर. समोर कुणी नाही, घाई नाही. पुढे हा मुलगा लांबून शूट करील का, याचा अंदाज स्काउट (खेळाडू हेरणारी) मंडळी तीन पॉइंटच्या टक्क्यापेक्षा फ्री थ्रोच्या टक्क्यावरून बांधतात, कारण तीन पॉइंटचे प्रयत्न छोट्या लीगमध्ये बहुतेक मोकळेच मिळालेले असतात. फ्री थ्रो ८५ टक्के असेल तर मी त्या पोराच्या बाजूने वाद घालायला तयार आहे. ६० टक्के असेल तर क्लिपा कितीही भारी असोत, थांबून विचार करीन.

दुसरं, पाय. डिफेन्सला उभा असताना समोरच्या चपळ गार्डबरोबर दोन्ही बाजूंना सरकता येतं का? गावच्या लीगमध्ये याची परीक्षाच होत नाही, कारण तसा गार्ड समोर येतच नाही. तिसरं, हातांची पसरट लांबी, ती मोजपट्टीने मोजता येते. चौथं, दोघा-तिघांनी घेरल्यावर तो काय करतो. छोट्या शाळेतल्या चांगल्या खेळाडूला दर सामन्यात घेरतातच. तिथून तो मोकळ्या साथीदाराला वेळेवर पास देतो, की तरीही शॉट मारतो? साथीदाराने तो पास हातातून सोडला तर असिस्ट (पॉइंट मिळवून देणारा पास) लागत नाही. म्हणून हे आकड्यांत सापडत नाही, त्यासाठी पूर्ण सामन्याचा व्हिडिओ बघावा लागतो. क्लिपांमध्ये फक्त रिंगेत गेलेले चेंडू असतात.

५. रँकिंगमध्ये नावच नाही. म्हणजे संपलं का?

नाही. पण रँकिंग कसं बनतं ते समजून घ्या. २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन यांची माणसं शाळेच्या सामन्यांपेक्षा उन्हाळ्यातल्या क्लब स्पर्धांना जास्त जातात: नायकेची ईवायबीएल, आदिदासची थ्रीएसएसबी, अंडर आर्मरची. कॉलेजचे कोचही ठरावीक तारखांनाच अशा स्पर्धा बघू शकतात, आणि एका छताखाली दोनशे मुलं बघायला मिळत असताना एका मुलासाठी तीन तास गाडी हाकायला त्यांना वेळ नसतो. उन्हाळ्यात शेतावर किंवा दुकानात काम करणारा, किंवा प्रवासखर्च न झेपणारा मुलगा या चाळणीत येतच नाही.

जा मोरँटचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलंय, तरी त्यातला तपशील पुन्हा बघण्यासारखा आहे. साउथ कॅरोलायनातलं डॅलझेल हे त्याचं गाव. तो झायन विल्यमसनबरोबर एकाच क्लब संघात खेळलेला, म्हणजे स्काउटांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तरीही मोठ्या क्रमवारींत नव्हता. मरी स्टेट या कॉलेजचे सहायक कोच जेम्स केन एका कॅम्पला दुसऱ्याच खेळाडूला बघायला गेले होते. खायला काहीतरी घ्यायला उठले, तर बाजूच्या छोट्या जिममधून चेंडूचा आवाज आला आणि तिथे त्यांना हा दिसला. २०१८-१९ मध्ये त्याने सरासरी २४.५ पॉइंट आणि १० असिस्ट केले, २०१९ च्या ड्राफ्टला दुसरा निवडला गेला. गोष्ट गोड आहे, पण धडा कडूच: केनना भूक लागली नसती तर?

६. गाव सोडून फ्लोरिडाच्या अकॅडमीत जावं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर मुलागणिक वेगळं.

जाण्याच्या बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावा म्हणजे कूपर फ्लॅग. नोकोमिस या गावच्या शाळेला त्याने नववीतच, २०२२ मध्ये, मेनचं क्लास ए विजेतेपद मिळवून दिलं. तिथे त्याच्यासमोर कुणी उरलंच नव्हतं. मग तो आणि त्याचा जुळा भाऊ फ्लोरिडातल्या माँटव्हर्डला गेले. तिथे रोजच्या सरावात डिव्हिजन १ चे खेळाडू समोर, आणि २०२३-२४ मध्ये संघ ३३-०. पुढे ड्यूक विद्यापीठ आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक. गंमत म्हणजे कार्मेलो अँथनी आणि केव्हिन ड्युरँट ज्या ओक हिल अकॅडमीत खेळले, ती स्वतःच व्हर्जिनियाच्या डोंगरांत माउथ ऑफ विल्सन नावाच्या आडगावात आहे. म्हणजे शहराची गरज नाही, रोज तोलामोलाचा खेळाडू समोर हवा.

उलट बाजूला रीड शेपर्ड. केंटकीतल्या लंडन गावातून, नॉर्थ लॉरेल शाळेतून न हलता तो केंटकी विद्यापीठात गेला, एका वर्षात तीन पॉइंटचे ५२ टक्के शॉट घातले आणि २०२४ मध्ये तिसरा निवडला गेला. पण त्याचे आईवडील दोघंही केंटकीकडून खेळलेले. त्याला बघायला कोच येणारच होते. ही सोय सगळ्यांना नसते.

माझं मत: मुलगा आपल्या राज्यात सरसकट वरचढ असेल आणि अकॅडमी पूर्ण खर्च उचलत असेल तर जावं. खिशातून फी भरायची असेल तर तोच पैसा दोन उन्हाळे चांगल्या क्लब संघासाठी वापरा. आणि पंधराव्या वर्षी घर सोडणं सगळ्यांना जमत नाही, हे घरच्यांनीच ओळखायचं.

७. कोच म्हणाले "ऑफर आहे". पक्कं समजायचं का?

नाही. तोंडी ऑफर दोन्ही बाजूंनी मोडता येते. एकेकाळी नॅशनल लेटर ऑफ इन्टेन्टवर सही झाली की बांधिलकी यायची. ती पद्धत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, आता आर्थिक मदतीचा लेखी करारच धरायचा. "प्रेफर्ड वॉक-ऑन" म्हणजे संघात जागा, पण स्कॉलरशिप नाही. वडिलांनी कोचला सरळ विचारावं: या जागेसाठी आणखी कितीजणांना ऑफर आहे, आणि तुम्ही पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, प्रश्न ८ पाहा) कुणाला घेणार आहात?

८. मोठ्या कॉलेजचा बाक बरा की छोट्या कॉलेजचं मैदान?

छोट्या कॉलेजचं मैदान. खेड्यातल्या मुलाच्या बाबतीत तर मी यावर फार वाद घालत नाही.

कारण ट्रान्स्फर पोर्टल. २०१८ मध्ये ते सुरू झालं. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलताना वर्षभर बाहेर बसावं लागेनासं झालं, आणि २०२४ पासून अभ्यासात पास असलात तर कितीही वेळा बदलता येतं. त्यामुळे मोठ्या कॉलेजचा कोच अठरा वर्षांच्या, न पारखलेल्या पोरापेक्षा दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं खेळून तयार झालेला बावीस वर्षांचा गडी घेतो. याचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो ज्याच्याविषयी थोडी शंका आहे अशा मुलाला, आणि गावचा पोरगा बहुधा त्याच रांगेत असतो.

पण दार दोन्हीकडे उघडतं. डाल्टन नेक्ट कोलोरॅडोच्या स्टर्लिंगमधल्या ज्युनियर कॉलेजातून (म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज, आपली अकरावी-बारावी नव्हे) नॉर्दर्न कोलोरॅडोला, तिथून टेनेसीला आणि २०२४ मध्ये १७ वा निवडला जाऊन लेकर्सकडे गेला. डंकन रॉबिन्सन विल्यम्स या डिव्हिजन ३ च्या कॉलेजातून मिशिगनला गेला आणि ड्राफ्टमध्ये नाव न येताही मायामीकडून एनबीए फायनल खेळला.

मोठं कॉलेज न मानवणं हेही काही नवीन नाही. लॅरी बर्ड १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात गेला आणि २४ दिवसांत गावी परतला. हजारो विद्यार्थ्यांच्या त्या गर्दीत त्याला करमेना. फ्रेंच लिकच्या नगरपालिकेत कचऱ्याच्या गाडीवर काम केलं, मग इंडियाना स्टेटला गेला आणि १९७९ मध्ये तो संघ एकही सामना न हरता फायनलला पोचवला. तिथे मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना ७५-६४ ने हरवलं.

९. ज्युनियर कॉलेज किंवा एनएआयए म्हणजे कमीपणा नाही का?

गावात तसं बोलतात, पण एनबीएत कुणी विचारत नाही. स्कॉटी पिपेन आर्कान्सातल्या हॅमबर्गचा. शाळा संपताना उंची सहा फूट एक इंच आणि एकाही कॉलेजची स्कॉलरशिप नाही. सेंट्रल आर्कान्सा हे कॉलेज तेव्हा एनएआयएत, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या एनसीएएबाहेरच्या संघटनेत होतं. तिथे तो आधी संघाचं सामान सांभाळायच्या कामावर लागला, कॉलेजच्या वर्षांत सहा फूट आठ इंचांपर्यंत वाढला आणि १९८७ मध्ये पाचवा निवडला गेला. जिमी बटलर टायलर ज्युनियर कॉलेजमधून मार्केट विद्यापीठात गेला, २०११ मध्ये ३० वा. पैशांचं गणित मात्र लक्षात ठेवा: डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, आणि आयव्ही लीगमध्येही नसते. तिथे मिळते ती गरज बघून दिलेली मदत.

१०. सतरा वर्षांचा आहे. अजून उंची वाढेल का?

पिपेनची वाढली (प्रश्न ९), पण ती अपवादाची गोष्ट आहे. त्यावर योजना आखू नये. डॉक्टर हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय सांगू शकतात. कोच मात्र आईवडिलांची आणि थोरल्या भावाची उंची विचारतात, आणि मुलाचे बूट-हात बघतात.

११. खेळतो झकास, पण अभ्यासात मागे आहे. काय होईल?

डिव्हिजन १ साठी १६ कोअर (मुख्य) विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) लागतो. त्यांतले १० विषय बारावीचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, म्हणजे शेवटच्या वर्षी घाई करून भागत नाही. एसएटी-एसीटीची अट २०२३ मध्ये गेली.

गावच्या शाळांची खरी अडचण वेगळीच. शाळेत शिकवलेला प्रत्येक विषय एनसीएए मानत नाही. त्या शाळेच्या नावावर मंजूर विषयांची यादी असते, आणि छोट्या शाळेत ती आखूड असते. नववीतच शाळेच्या काउन्सेलरकडून ती यादी मागून घ्या.

नापात्र ठरलं तरी रस्ता संपत नाही. लुइझियानातल्या समरफील्डचा कार्ल मलोन कमी ग्रेडमुळे लुइझियाना टेककडून पहिलं वर्ष खेळू शकला नाही. १९८५ मध्ये यूटाने त्याला १३ व्या क्रमांकावर घेतलं आणि निवृत्त होताना त्याच्या नावावर ३६,९२८ पॉइंट होते.

१२. कॉलेजात आता खरंच पैसे मिळतात का? किती?

मिळतात. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या जाहिरातीतून कमवू शकतो. याला एनआयएल म्हणतात. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर कॉलेज स्वतःही थेट पैसे देऊ शकतं. २०२५-२६ साठी एका कॉलेजची सगळ्या खेळांची मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉलकडे जातो.

गावच्या पोराला याचा एक फायदा आहे, तो फारसा बोलला जात नाही. आपल्याच राज्याच्या विद्यापीठात गेला तर गावातला ट्रॅक्टरचा डीलर, बँक, पिझ्झावाला हे सगळे त्याला जाहिरातीत घ्यायला तयार असतात. तोटा असा की एजंट म्हणून मिरवणारा कुणीही दारात येतो. करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवायला घरची माणसं लाजतात. लाजू नका.

१३. हायस्कूलमधून थेट एनबीएत जाता येतं का? आणि ड्राफ्टला नाव देऊन परत फिरता येतं का?

थेट नाही. २००६ च्या ड्राफ्टपासून नियम असा: त्या कॅलेंडर वर्षात १९ पूर्ण हवीत, आणि अमेरिकी मुलाला हायस्कूल संपून एनबीएचा एक हंगाम उलटलेला हवा. फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६ चा. त्याने शाळा एक वर्ष लवकर संपवली, म्हणून २०२५ मध्ये दोन्ही अटींत बसला. जानेवारीत जन्मला असता तर २०२६ ची वाट बघावी लागली असती. कॉलेजऐवजी वर्षभर ऑस्ट्रेलियात वगैरे खेळायचा पर्याय उरतो. एनबीएने स्वतः काढलेला जी लीग इग्नाइट संघ २०२४ मध्ये बंद झाला.

परत फिरता येतं. नाव द्यायचं, संघांपुढे सराव करून दाखवायचा, कॉलेजच्या मुदतीआधी नाव मागे घ्यायचं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूची पहिली दोन वर्षं पक्की असतात, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. टू-वे कराराचा पगार २०२५-२६ च्या हंगामात सुमारे ६.४ लाख डॉलर आहे. चांगल्या कॉलेज खेळाडूला त्याहून जास्त कॉलेजातच मिळू लागल्याने काठावरची बरीच मुलं आता परत फिरतात.

यातली खोच रीव्ह्जने दाखवली. विचिटा स्टेटला दोन वर्षं, ओक्लाहोमाला बदली, एक वर्ष बाहेर, मग दोन वर्षं खेळ. २०२१ मध्ये डेट्रॉइट त्याला ४२ व्या क्रमांकावर घ्यायला तयार होतं. त्याच्या बाजूने "घेऊ नका" असं कळवण्यात आलं. न निवडलेल्या खेळाडूला संघ स्वतः निवडता येतो, आणि लेकर्सना त्याच्यासारखा, त्या जागेवर खेळणारा माणूस हवा होता. आधी टू-वे, दोनेक महिन्यांत नेहमीचा करार, २०२३ मध्ये चार वर्षांचे सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर.

१४. गावचा प्रत्येक गोरा शूटर "पुढचा लॅरी बर्ड" का ठरतो?

आळस, दुसरं काय. रंग, गाव आणि केसांची ठेवण बघून तुलना होते, खेळ बघून होत नाही. बर्ड सहा फूट नऊ इंचांचा होता आणि शूटिंगइतकाच पासिंगमध्ये वरचा होता. आपला सहा-तीनचा शूटर त्याच्यासारखा नाहीच.

यातून दुसरीही चूक होते. "खेडं" म्हटलं की मक्याची शेतं आणि इंडियाना एवढंच डोळ्यांसमोर येतं. पिपेन, मलोन, मोरँट हे सगळे दक्षिणेतल्या गावांतले कृष्णवर्णीय खेळाडू, पण त्यांच्या बाबतीत "गावचा साधा पोरगा" ही भाषा फारशी वापरली जात नाही. त्यांना "नैसर्गिक अ‍ॅथलीट" म्हणतात आणि घेतलेली मेहनत झाकली जाते. स्काउटिंग रिपोर्ट वाचताना विशेषणांकडे जरा संशयानेच बघा.

१५. गावात देव होते आणि पुढे काहीच झालं नाही, असे किती?

बरेच. पण "काहीच झालं नाही" म्हणण्याआधी डेमन बेली बघा. इंडियानातल्या हेल्टनव्हिलचा हा मुलगा आठवीत असताना इंडियाना विद्यापीठाचा बॉब नाइटसारखा कोच त्याला बघायला आला. १९९० च्या राज्य फायनलला ४१,०४६ प्रेक्षक होते आणि संघाचे शेवटचे ११ पॉइंट त्याचेच. ३,१३४ पॉइंटचा राज्य विक्रम. इंडियाना विद्यापीठात चार वर्षं, १९९२ ची फायनल फोर (राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतले शेवटचे चार संघ). १९९४ मध्ये इंडियानाच्याच पेसर्स या एनबीए संघाने ४४ वा निवडला, पण गुडघे गेले आणि एनबीएचा एकही अधिकृत सामना तो खेळला नाही. आठवीतल्या गाजावाजाच्या मापाने हे अपयश. कॉलेजच्या मापाने मात्र अशी चार वर्षं फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

मॅक मॅक्लंग आणखी चमत्कारिक. व्हर्जिनियातल्या गेट सिटीचा. अ‍ॅलन आयव्हर्सनचा एका हंगामातल्या पॉइंटचा राज्य विक्रम त्याने मोडला. जॉर्जटाउन आणि टेक्सस टेक या कॉलेजांत खेळला, २०२१ मध्ये ड्राफ्टमध्ये नाव नाही. त्यानंतर एनबीएच्या डंक स्पर्धेत २०२३, २०२४, २०२५ असा सलग तीनदा विजेता, जी लीगचा एमव्हीपीही (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, तरी एनबीएत कायमची जागा नाही. सहा फूट दोन इंचांच्या गार्डची तिथे इतकी गर्दी आहे की उडी मारून वाट सापडत नाही. बाकी जपान, टर्की, इटलीतल्या लीग आहेतच, आणि तिथे दहा वर्षं खेळून घर बांधणाऱ्यांची चर्चा कुणी करत नाही.

१६. मुलगी खेळते. तिला हेच सगळं लागू का?

बरंचसं. प्रश्न ३ ते ८ तसेच लागू. फरक शेवटच्या टप्प्यात: डब्ल्यूएनबीएत (महिलांच्या एनबीएत) अमेरिकी मुलीला साधारण २२ व्या वर्षी किंवा चार वर्षांचं कॉलेज झाल्यावरच ड्राफ्टला जाता येतं, आणि जागा एनबीएच्या मानाने फारच थोड्या. म्हणून तिच्यासाठी कॉलेज हेच मुख्य रंगमंच. कॅन्ससमधल्या क्लॅफ्लिनची जॅकी स्टाइल्स मोठ्या कॉलेजांऐवजी साउथवेस्ट मिझूरी स्टेटला गेली. तिथे तिने केलेले ३,३९३ पॉइंट २०१७ पर्यंत विक्रम म्हणून टिकले, संघ २००१ मध्ये फायनल फोरला गेला आणि ती डब्ल्यूएनबीएची त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित ठरली. मग दुखापतींनी कारकीर्द आटोपली. आज आयोवातल्या अल्गोनाची ऑडी क्रुक्स आयोवा स्टेटकडून गाजली, तीही छोट्या शाळेतूनच.

१७. भारतातल्या खेड्यातून कुणी गेलंय का?

सतनाम सिंग. पंजाबात बर्नाला जिल्ह्यातलं बल्लो के हे त्याचं गाव. लुधियानाच्या अकॅडमीतून चौदाव्या वर्षी, २०१० मध्ये, फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीत गेला. उंची सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा निवडला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतात जन्मलेला खेळाडू. एनबीएचा सामना मात्र त्याला खेळायला मिळाला नाही, जी लीगमध्येच राहिला. माझ्या मते त्याचं खरं नुकसान कॉलेज न मिळाल्याने झालं. इंग्रजी आणि अभ्यासाच्या अटी आड आल्या, आणि त्या वयात सर्वांत गरजेचे असलेले सामने त्याला खेळायलाच मिळाले नाहीत.

१८. आम्ही एच-१बी वर आहोत, मुलगा एच-४ वर. स्कॉलरशिप आणि एनआयएलचं काय?

स्कॉलरशिप घ्यायला अडचण नाही, ती नोकरी धरली जात नाही. एनआयएल वेगळं. जाहिरातीचं शूटिंग, सही करायचे कार्यक्रम हे काम ठरू शकतं, आणि वर्क परमिट नसलेल्या एच-४ मुलाला किंवा एफ-१ विद्यार्थ्याला काम करता येत नाही. संघातले बाकीचे कमावताहेत म्हणून यानेही सही केली तर पुढे व्हिसाच धोक्यात येतो. शिवाय एच-४ चा दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो. म्हणजे बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, ऐन हंगामात एफ-१ वर जाण्याची कागदपत्रं करावी लागतील. ती अकरावीतच इमिग्रेशनच्या वकिलाकडून समजून घ्या. कोचला यातलं काही माहीत नसतं. ग्रीन कार्ड आलेलं असेल तर हा प्रश्न सोडून द्या आणि प्रश्न १२ वाचा.